गावठाणापासून २०० मीटर: शेतात घर बांधण्याचे कागद

पुणे जिल्ह्यात, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) हद्दीबाहेरच्या एका गावात, घरच्याच शेतजमिनीवर राहतं घर बांधायचं म्हणून आम्ही जून २०२३ मध्ये कागद गोळा करायला घेतले. भोगवटा प्रमाणपत्र हातात पडलं ते जुलै २०२५ मध्ये. प्रत्यक्ष बांधकाम जेमतेम आठ महिन्यांचं, बाकी सगळा काळ मोजणी, अभिप्राय, आचारसंहिता आणि टेबलांचा. हा लेख त्या बाकीच्या काळाबद्दल आहे. गावाचं आणि कार्यालयांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. जिथे अडतं, तिथे सगळ्याच तालुक्यांत साधारण सारखंच अडतं.

शेतात घर म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "एनए (बिनशेती) कसं करायचं?" त्याआधी जागा नकाशावर कुठे पडते ते बघावं लागतं, कारण तिथूनच वाटा वेगळ्या होतात. जागा गावठाणात असेल तर काम ग्रामपंचायतीत. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असेल तर आमच्या वेळी महसूल संहितेचं कलम ४२ ड, म्हणजे वेगळी परवानगी न मागता पैसे भरून बिनशेती वापराची सनद. त्याहून लांब असेल तर प्रादेशिक योजनेच्या नियमांत गावठाणाभोवती लोकसंख्येप्रमाणे ठरलेल्या अंतरापर्यंत, अधिमूल्य, म्हणजे जादा शुल्क, भरून रहिवास वापर मिळू शकतो. आणि यातलं काहीच लागू नसेल तर निव्वळ शेती विभाग, तिथे फक्त शेतघर. प्रत्येक वाटेचा कायदा वेगळा, खर्च वेगळा, टेबलही वेगळं. आर्किटेक्टला बोलावण्याआधी हे ठरलेलं असावं. नाहीतर नकाशे दोनदा काढावे लागतात आणि फी एकदाही परत मिळत नाही.

नियमांची ही घडी का अशी आहे ते कळलं की पुढचे बरेच प्रश्न सुटतात. गावाची जुनी मांडणी पांढरी आणि काळी अशी: वस्ती पांढरीत, शेती काळीत. गावठाणाची हद्द जुन्या भूमापनात ठरली, कुटुंबं वाढली, हद्द बहुतेक ठिकाणी तिथेच राहिली. गावठाण वाढवायचे अधिकार कलम १२२ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना आहेत, पण ते काम वर्षानुवर्षं रेंगाळतं. मग माणसं मळ्यात, वस्तीवर, रस्त्याच्या कडेला घरं बांधतात. एकेका घराने दोन-तीन गुंठेच जातात, पण त्यामागे येणारा रस्ता, विजेचे खांब, सांडपाणी, अंगण, गोठा यांनी गट मधोमध फुटतो. म्हणून घरं गावठाणाला चिकटून वाढावीत आणि लांबचं शेत एकसंध राहावं, असा नियमांचा रोख आहे. रोख बरोबर आहे. मात्र गावाला लागून असते ती गावखरी, पिढ्यान्‌पिढ्या गावातलं शेणखत पडत आलेली, बहुतेक गावांत सर्वांत कसदार जमीन. २०० मीटरची रेघ नेमकी तिच्यावरूनच जाते. मातीचा कस न बघता फक्त अंतर बघणारा नियम राबवायला सोपा, पण त्यात वाचवायची तीच जमीन आधी घरांखाली जाते. रेघेच्या आत जागा मिळाल्यावरसुद्धा तिच्यातली हलकी बाजू घरासाठी निवडणं आपल्या हातात असतं. त्याबद्दल पुढे.

जून २०२३: उतारे

पहिला कागद सातबारा. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत मिळतो आणि तो सगळीकडे चालतो. सोबत ८अ, म्हणजे खातेदाराच्या सगळ्या जमिनीचा उतारा, आणि सातबारावर ज्या फेरफारांचे नंबर आहेत ते सगळे फेरफार उतारे. जुने फेरफार ऑनलाइन सापडले नाहीत तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कलेचा अर्ज द्यावा. तिथे वेळ जातो, म्हणून हा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाकावा.

सातबारावर चार ठिकाणी नजर घालायची. भूधारणा पद्धती: वर्ग १, म्हणजे विनाअट मालकीची, असेल तर पुढचं सोपं. वर्ग २, म्हणजे सरकारी अटी असलेली, असेल तर आधी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि नजराणा, म्हणजे सरकारला भरायची रक्कम. क्षेत्र: लागवडयोग्य किती, पोटखराब किती. भोगवटादार: मयत माणसाचं नाव अजून आहे का, वारसनोंद झाली आहे का, बहिणींची आणि आत्यांची नावं लागली आहेत का. आणि इतर हक्काचा रकाना, ज्यात खरी मेख असते. आमच्याकडे तिथे विकास सोसायटीचा बोजा होता आणि सामाईक विहिरीची नोंद होती. धरणाच्या लाभक्षेत्रातल्या गावांत "पुनर्वसनासाठी राखीव" असा शेरा अनेक गटांवर आढळतो. जमीन संपादनातून वगळली गेली असली तरी शेरा तसाच राहिलेला असतो, आणि तो कमी करून घेतल्याशिवाय फाईल पुढे सरकत नाही. लाभक्षेत्रात जमीन असेल तर पाटबंधारे खात्याचा ना हरकत दाखलाही लागतो. सोसायटीचा बोजा फेडून दाखला घेतलात तर तोच दाखला देऊन तलाठ्याकडून बोजा कमी केल्याचा फेरफार लगेच नोंदवून घ्या. दाखला घरच्या फाईलमध्ये ठेवून सातबारा कोरा होत नाही.

सहहिस्सेदारांची संमती हा मोठा टप्पा. एकत्र सातबारा असेल तर सगळ्यांच्या सह्या लागतात, परगावी राहणाऱ्यांच्यासुद्धा. सरकारी कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे, तरी स्टँप पेपर आणा असं सांगितलं जातं. आम्ही साध्या कागदावर करून दिलं, ते घेतलं गेलं.

"आधी वाटप करून घेऊ, मग आपापल्या तुकड्यात घर" असा विचार बहुतेक घरांत होतो. त्यात तुकडेबंदी आडवी येते. १९४७ चा कायदा विक्रीलाच नाही, वाटपालाही लागू आहे: प्रमाणभूत, म्हणजे ठरवून दिलेल्या किमान, क्षेत्राहून लहान तुकडा पडेल असं वाटप करता येत नाही. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने हे क्षेत्र पुण्यासह बहुतेक जिल्ह्यांत बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे झालं. मार्च २०२४ मध्ये विहीर, शेतरस्ता, ग्रामीण घरकुल अशा कारणांसाठी त्याहून लहान तुकडा घेण्याची वाट निघाली. विहिरीसाठी जास्तीत जास्त ५ गुंठे, तेही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेऊनच. आधी झालेले बेकायदा तुकडे नियमित करायचं शुल्क ऑक्टोबर २०२४ मध्ये बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. आम्ही वाटपाच्या वाटेला गेलोच नाही. मालकी सामाईक ठेवून गटातल्या फक्त ठरावीक क्षेत्राचा वापर बदलून घेतला. मालकी बदलत नसल्याने तुकड्याचा प्रश्न उभा राहिला नाही.

शेतघर का नको

आमचा गट ०.९६ हेक्टरचा, म्हणजे शेतघराची अट सहज पुरी होत होती. डिसेंबर २०२० पासून, मुंबईसारखे काही भाग सोडून, राज्यभर लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत शेती विभागातल्या शेतघराला किमान ०.४० हेक्टर क्षेत्र लागतं, चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे जमिनीच्या किती पट बांधता येतं तो आकडा, ०.०४ मिळतो, आणि काही झालं तरी बांधकाम ४०० चौरस मीटरच्या वर जात नाही. ४० आर जमिनीवर हिशोब १६० चौरस मीटर, साधारण १,७२० चौरस फूट. फक्त तळमजला, हवं तर खाली मोकळे खांब. जमीन प्रत्यक्ष कसलेली असली पाहिजे, आणि धारणा कितीही मोठी असली तरी शेतघर एकच.

राहायला हे पुरतं. अडचण दुसरीकडे. एकतर शेतजमिनीवरच्या शेतघराला गृहकर्ज द्यायला बँका राजी नसतात. त्या अकृषिक सनद आणि मंजूर नकाशा मागतात. दुसरं, उद्या भावंडांत वाटप झालं आणि घराचा वाटा ४० आरच्या खाली गेला तर त्या घराचा पायाच काढून घेतल्यासारखं होतं.

आर आणि गुंठा एकच समजायची सवय इथे महागात पडते. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा म्हणजे १०१.१७. एक एकर ४० गुंठे, म्हणजे ४० आरपेक्षा थोडं जास्त. पण मोजणीत क्षेत्र कमी भरलं, रस्त्यात दोन आर गेले, की एकराचा मालकसुद्धा ०.३८ वर येतो आणि शेतघराची अट मोडते.

सध्या जाहिराती चालतात त्या "११ गुंठ्यांच्या फार्महाऊस प्लॉट"बद्दलही लिहायला हवं. बागायत जमीन ११ गुंठे विकत घेता येते, कारण तुकडा १० गुंठ्यांच्या वर आहे. घेणारा शेतकरी असला पाहिजे, ही अट १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ ची. खरेदीखत होतं, सातबारावर नाव लागतं, पण शेतघराला ०.४० हेक्टर लागतं, ते त्यात बसत नाही. विकणारा खोटं बोलत नसतो. तो फक्त जमीन विकत असतो आणि घराचं चित्र फ्लेक्सवर असतं.

मोजणी आणि ती रेघ

जुलै २०२३ मध्ये भूमी अभिलेख कार्यालयात अतितातडीच्या मोजणीचा अर्ज केला, फी ३,००० रुपये. आता नाव आणि दर बदलले आहेत: डिसेंबर २०२४ पासून नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार, ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत २,००० आणि ८,००० रुपये. अर्जात फक्त "हद्दकायम" लिहू नका. गावठाणाच्या हद्दीपासूनचं अंतर आणि २०० मीटरच्या आत येणारं क्षेत्र क प्रतीवर, म्हणजे मोजणीच्या अधिकृत नकाशावर, दाखवावं, अशी मागणी स्पष्ट लिहा. ती लिहिली नाही तर हद्दीचा नकाशा येतो, अंतर येत नाही, आणि पुन्हा तीच रांग.

लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. त्यांचे पूर्ण पत्ते अर्जात नसतील तर नोटीस परत येते आणि मोजणीची तारीख पुढे जाते. मोजणीच्या दिवशी बांधावरचं गवत काढून ठेवा, दगड-निशाण्या उघड्या करा, आणि शेजाऱ्यांना आदल्या संध्याकाळी स्वतः जाऊन सांगा. कागदी नोटिशीने जे ताणलं जातं ते चहाच्या कपाने सैल होतं.

२०० मीटर मोजायचे ते गावठाणाच्या अधिकृत हद्दीपासून. शेवटच्या घरापासून नाही, वेशीपासून नाही, ग्रामपंचायतीच्या कार्यालयापासूनही नाही. गावठाणाबाहेर वाढलेली आळी म्हणजे गावठाण नव्हे. वाडीचंही तसंच: वाडीला शाळा असेल, मंदिर असेल, पण तिची गावठाण म्हणून नोंद नसेल तर तिच्यापासून मोजलेलं अंतर धरत नाहीत. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी झालेली असेल तर हद्दीचे बिंदू पक्के मिळतात. नसेल तर जुन्या गाव नकाशावर भिस्त.

त्या नकाशाचा प्रकार भूकरमापकाने छान दाखवला. आमचा नकाशा १:१०,००० प्रमाणाचा, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर दहा मीटर. "दादा, गावठाणाची रेघच किती जाड आहे बघा. अर्धा मिलिमीटर धरला तरी पाच मीटर ती रेघच खाते." त्याने रोव्हरने, म्हणजे उपग्रहाच्या आधारे मोजणाऱ्या यंत्राने, आधी गावठाणाच्या हद्दीवरचे तीन जुने दगड घेतले, तिथून आमच्या गटाकडे अंतर काढलं. गटाच्या उत्तर अंगाचे साधारण ३० आर आत आले, बाकी बाहेर. गटाचं निम्मं किंवा जास्त क्षेत्र ठरलेल्या अंतरात येत असेल तर एका मालकीच्या उरलेल्या क्षेत्रासाठी नियमावलीत अधिमूल्यासह वेगळी तरतूद आहे. आमचं निम्म्याहून कमी, म्हणून तो विषय तिथेच संपला. क प्रत ऑक्टोबरमध्ये मिळाली. प्रत घेताना गट नंबर, क्षेत्र आणि दिशा तिथेच उभं राहून वाचा. अंकातली चूक नंतर दुरुस्त करून घ्यायला नवा अर्ज लागतो.

सहा आर कुठले?

तीस आर आत असले तरी बिनशेती सगळे करायचं कारण नव्हतं. घर, मोकळी जागा, गाडी वळायला जागा आणि शोषखड्डा धरून सहा आर, म्हणजे ६०० चौरस मीटर पुरतात. प्रश्न होता कोणते सहा. गावाकडची बाजू काळी, उसाची. पाणंद रस्त्याच्या कोपऱ्याला मुरूम वर आलेला, तिथे बाजरीसुद्धा धड येत नाही. दोन्हीकडे जेसीबीने चाचणीचा खड्डा घेतला. काळ्या बाजूला सहा फुटांवरही माती संपली नाही. ओली माती हातात दाबली की रबरासारखी वळत होती, आणि वरून सुकलेल्या भागात बोट जाईल एवढ्या भेगा. कोपऱ्याला दोन फुटांवर घट्ट मुरूम लागला. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यावर साधा पाया घातला की चौकटीच्या कोपऱ्यांतून भिंती तिरक्या तडकतात. ते टाळायला पाया मुरमापर्यंत न्यायचा किंवा खाली काँक्रीटचे खांब घालायचे, म्हणजे खर्च भसाभस वाढतो. चांगली जमीन सोडून हलक्या जमिनीवर बांधणं इथे खिशालाही परवडतं, हे गावातल्या गवंड्यांना आपण सांगायची गरज नसते.

कोपरा निवडताना आणखी तीन गोष्टी पाहिल्या. पाण्याची चारी कुठून जाते: घराने चारी अडली की पलीकडचं शेत कोरडं आणि शेजारी कोर्टात. ट्रॅक्टर नांगरासह कुठे वळतो. आणि विहीर: शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर लांब हवा. सामाईक विहीर असल्याने ही जागा सगळ्या हिस्सेदारांना आधीच दाखवली.

रस्त्याचं वेगळं सांगतो, कारण अर्ध्या फायली त्यावर परत येतात. बांधावरून शेतात जायचा रस्ता तहसीलदारांनी कलम १४३ खाली दिलेला असेल तर तो शेतीसाठीचा हक्क. घराच्या परवानगीला नगररचना शाखा नकाशावर दिसणारा, पुरेशा रुंदीचा पोहोच रस्ता मागते. आमची पाणंद गाव नकाशावर होती, पण प्रत्यक्षात दोन्हीकडून बांध सरकल्याने बैलगाडीपुरती उरलेली. मोजणीच्या वेळीच तिची नकाशावरची रुंदी क प्रतीवर घेतल्याने पुढचा पत्रव्यवहार वाचला.

नोव्हेंबर २०२३ ते जुलै २०२४: फाईल

आधी नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा. आमच्या भागाला १९९७ साली मंजूर झालेली पुणे प्रादेशिक योजना लागू आहे. दाखल्यात विभागाचं नाव, प्रस्तावित रस्ता आहे का, नदीची निळी किंवा लाल पूररेषा जाते का, हे बघायचं. दाखला मिळायला तीन आठवडे लागले.

मग तहसीलदारांकडे कलम ४२ ड प्रमाणे अर्ज. या कलमाची कल्पना अशी होती की २०० मीटरच्या आतल्या जमिनीला, प्रादेशिक योजनेच्या नियमांत तिथे रहिवास चालत असेल तर, वेगळी बिनशेती परवानगी मागावी लागू नये. तहसील कार्यालयाने स्वतःहून गावनिहाय गटांच्या याद्या कराव्यात, खातेदाराला मागणीपत्र द्यावं, त्याने पैसे भरले की सनद. व्यवहारात यादीत तुमचा गट आहे का ते आधी तलाठ्याकडे विचारा. भाऊसाहेबांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण यादी त्यांच्याच टेबलावर असते. यादीत गट नसेल तर क प्रत जोडून अर्ज द्यायचा, मग तलाठी आणि सर्कल (मंडळ अधिकारी) यांचा स्थळपाहणी अहवाल, भूमी अभिलेखचा अंतराबद्दलचा अहवाल, नगररचनेचा अभिप्राय असं सगळं गोळा होतं.

प्रत्येक पत्राचा आवक नंबर आणि तारीख आपल्या वहीत असावी. "फाईल वर गेली आहे" हे उत्तर नाही, जावक नंबर हे उत्तर आहे. एका कार्यालयाने पाठवलेलं पत्र दुसऱ्या कार्यालयात पोचलं का, हे आपणच जाऊन बघावं लागतं. आमचा एक अभिप्राय तयार होऊन कपाटात पडून होता, फक्त तो टपालात घालायचा राहिला होता. स्थळपाहणीला तलाठी येतील त्या दिवशी जागेवर क प्रत, सातबारा आणि एक लांब टेप ठेवा. जागेवर चुना टाकून सहा आर आखून ठेवले होते, त्यामुळे पंचनामा उभ्या उभ्या झाला.

१६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली. आचारसंहितेत असे वैयक्तिक अर्ज थांबतातच असा नियम नाही, पण सगळा महसूल विभाग निवडणुकीच्या कामाला जुंपलेला असतो. जूनपर्यंत कुठलाही कागद हलला नाही. त्या काळात कार्यालयात जाऊन काही होत नाही, दोन्हीकडचा त्रागा तेवढा वाढतो. तुमचा अर्ज निवडणुकीच्या वर्षात पडणार असेल तर मोजणी आणि झोन दाखला आधी उरकून ठेवा.

मागणीपत्र जुलैत आलं. त्यात रूपांतरण कर, जो अकृषिक आकारणीच्या पटीत असतो, आणि आकारणी. लहान गावातल्या सहा आरला ही रक्कम इतकी किरकोळ निघते की एवढ्यासाठी हे सगळं केलं का, असं वाटतं. वर्ग २ च्या जमिनीला मात्र नजराण्याचा आकडा मोठा असतो. पैसे ग्रास या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर चलनाने भरायचे. चलनात लेखाशीर्ष, म्हणजे रक्कम जमा व्हायचं सरकारी खातं, चुकलं तर पैसे परत मिळवणं हेच वेगळं प्रकरण होतं, म्हणून लेखाशीर्ष कार्यालयाकडून लेखी घ्या.

परवानगीशिवाय घर बांधून बसलेल्यांना अकृषिक आकारणीच्या ४० पटीपर्यंत दंड होतो. आकारणीच किरकोळ असल्याने गावाकडे लोक तो भरून मोकळे होतात, आणि लांबच्या शेतांतली बेकायदा घरं याच हिशोबाने वाढतात. एकसंध शेतं राखायची असतील तर हा दंड पुरेसा नाही, असं माझं मत. पण दंड भरून घर कायदेशीर होत नाही, आणि कर्ज, विक्री, भरपाई यांच्या वेळी ते उघडं पडतं.

सनदेनंतर

सनद ऑगस्टमध्ये मिळाली. लोक इथेच थांबतात आणि नंतर अडकतात. सनदेवरून फेरफार व्हायला हवा, गाव नमुना २ मध्ये, म्हणजे अकृषिक महसुलाच्या नोंदवहीत, नोंद व्हायला हवी, आणि भूमी अभिलेखकडून कमी-जास्त पत्रक होऊन सहा आर वेगळे दिसायला हवेत. सातबारावर मूळ क्षेत्र ०.९६ तसंच राहिलं तर पुढे दोन्हीकडून गोंधळ: बँक म्हणते बिनशेती क्षेत्र दिसत नाही, सोसायटी म्हणते पीककर्जाला क्षेत्र जास्त दाखवलंय.

सनद म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. गावठाणाच्या आत मामला हलका आहे: २०२१ पासून १,६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर ग्रामपंचायतीला कागदपत्रांसह कळवायचं, त्यापुढे ३,२०० पर्यंत ग्रामपंचायतच बांधकामाचा दाखला देते. गावठाणाबाहेर प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात नकाशे नगररचना शाखेच्या छाननीला जातात आणि परवानगी जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारात, त्यांनी खाली सोपवल्याप्रमाणे, मिळते. आर्किटेक्टची नकाशे ते भोगवटा अशी एकत्र फी ४० हजार ठरली. छाननीत त्रुटी निघाल्या त्या दोन: सामासिक अंतर, म्हणजे घर आणि हद्द यांतली मोकळी जागा, एका बाजूला कमी, आणि पावसाच्या पाण्याच्या पुनर्भरणाचा तपशील नाही. भूखंड ५०० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर पुनर्भरण सक्तीचं आहे. ६०० ऐवजी ४९० मागितले असते तर ही अट टळली असती, पण पुनर्भरणाचा खड्डा शेवटी आपल्याच विहिरीला पाणी देतो, मग टाळायचं कशाला!

छाननी शुल्क, विकास शुल्क आणि एक टक्का कामगार उपकर भरला. स्वतःच्या राहत्या घराचा खर्च १० लाखांच्या आत असेल तर तेव्हा उपकर लागत नव्हता. परवानगी ऑक्टोबर २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. १५ तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली.

काम सुरू केल्याची तारीख ३० दिवसांच्या आत तलाठ्यामार्फत तहसीलदारांना लेखी कळवायची असते. साधं पत्र, पण पोच घ्या. जोत्याच्या आखणीतली वरची फूटभर माती वेगळी काढून गटातच खोलगट जागी पसरली. माती गटाबाहेर नेली तर गौण खनिजाचा प्रश्न येतो. जोतं झाल्यावर कळवून तपासणी करून घेतली, कारण भोगवट्याच्या वेळी जोत्याचा दाखला मागतात. बांधकामाला वीज तात्पुरत्या जोडणीची घेतली. शेतीपंपाच्या मीटरवरून घराचं काम चालवलं की महावितरणचा दंड येतो, आणि तो घरगुती मीटर मिळेपर्यंत पाठ सोडत नाही.

भोगवटा प्रमाणपत्रानंतर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घराची नोंद झाली. हा क्रम अनेक जण उलटा लावतात: आधी नमुना ८ ला नाव, मग बाकीचं बघू. घरपट्टी भरली म्हणजे घर मंजूर झालं असं नाही. कराची आकारणी बेकायदा बांधकामालाही होते.

शेवटचं काम शेताचं. उरलेल्या ९० आरवर खरिपाची ई-पीक पाहणी नव्या क्षेत्राने नोंदवली. पीकविमा, अनुदान आणि सोसायटीची कर्जमर्यादा यांचा हिशोब आता ०.९० वर होतो, म्हणून ८अ नव्याने काढून सोसायटीत दिला. महसूल संहितेच्या या कलमांत वरचेवर दुरुस्त्या होतात आणि दरही बदलतात. अर्ज देताना त्या दिवशीचा शासन निर्णय कार्यालयातच मागून त्याची प्रत फाईलला लावून ठेवा.